जाळी लावलेली विहीर

आमची विहीर तीन घरांची होती. एक आमचं घर, दुसरं माझ्या चुलत काकांचं आणि तिसरं पलीकडच्या वाडीतल्या मावशीचं. मावशी तशी कुणाचीच मावशी नव्हती. नवरा वारल्यावर एकटीने वाडी राखली म्हणून ती सगळ्या आळीची मावशी झाली होती.

विहिरीवर पूर्वी रहाट होता म्हणतात. मी पाहिला तो पंप. त्याला पत्र्याची खोली, खोलीला कुलूप आणि कुलपाला एकच किल्ली. ज्याची पाण्याची पाळी, त्याच्याकडे किल्ली. पाळी संपली की दिवेलागणीला ती पुढच्या घरी पोचवायची. ओट्यावर ठेवून यायचं नाही, पोराबाळांच्या हाती धाडायची नाही. घरातल्या कर्त्या माणसाने स्वतः जायचं, पुढच्याच्या तळहातावर किल्ली ठेवायची आणि म्हणायचं, "पाणी तुमचं." घराघरात भांडण असलं, महिना महिना बोलणं बंद असलं, तरी हे दोन शब्द चुकवायची सोय नव्हती. माझे बाबा आणि काका एका बांधावरून वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. त्या वर्षात काकांनी बाबांना एवढंच सांगितलं, की पाणी तुमचं.

ही गोष्ट त्या किल्लीची आहे. तीत इंग्लंडातलं एक खेडं कसं आलं, तेही सांगते.

नालासोपारा आणि विरारकडे तेव्हा इमारतींमागून इमारती उभ्या राहत होत्या. घरांना नळ होते, नळांना पाणी नव्हतं. म्हणून टँकर आले. टँकरवाल्याची रीत सोपी होती. सामाईक विहीर बघायची, तिच्यातला एक भागीदार गाठायचा, त्याचा हिस्सा घ्यायचा. एकदा एक हिस्सा हाती आला की आपला मोठा पंप बसवायचा आणि दिवसरात्र उपसा करायचा. बाकीचे भागीदार काठावर उभे राहून बघत. गास गावाच्या बाजूला एका विहिरीचं असंच झालं होतं. पाणी आधी मचूळ झालं, मग खारं. तिथल्या केळीची पानं कडेने भाजल्यासारखी दिसायची. आम्ही मुली कॉलेजला जाताना त्या रस्त्याने सायकली जोरात हाणायचो. जणू ते खारेपण आमच्या मागे लागून आमच्या वाडीत येईल.

आमच्या आळीत जो माणूस यायचा तो टँकरच्या मालकाचा माणूस. मालक आम्ही कधी पाहिलाच नाही. हा मोटरसायकलवर यायचा, कुंपणाशी थांबायचा, इंजिन चालूच ठेवायचा आणि विचारायचा, "काय काका, बरं आहे ना?" बस, एवढंच. कधी शिवी नाही, आवाज चढवणं नाही.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. माझे मामा छापखान्यात कामाला होते. छपाईत वाया गेलेली पत्रकं ते गठ्ठ्याने आणायचे. ती एका बाजूने कोरी असत. त्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले, निबंध लिहिले, पहिल्या कविता लिहिल्या. उलट्या बाजूला गिरणीचा संप असे, भाववाढीविरुद्धचा मोर्चा असे, कुणाचा तरी निषेध असे. अक्षरं कळायला लागली तशी मी दोन्ही बाजू वाचू लागले. त्यामुळे शत्रू म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे जाड ठशात छापलेलं काहीतरी येई. तो ओरडत येणार, आपण मूठ उगारणार. शत्रू "बरं आहे ना" विचारत येतो, हे कुठल्याच पत्रकात नव्हतं.

मग एका सकाळी काकांच्या केळीची एक अख्खी ओळ आडवी पडलेली सापडली. लोंगर, म्हणजे केळ्यांचे घड, अर्धे भरलेले होते. प्रत्येक खोड एकेका घावात तोडलेलं, अगदी नीट, एका उंचीवर. काकांनी तक्रार केली नाही. त्यांनी लोंगर उचलून गोठ्यापाशी आणून ठेवले आणि ते घरात जाऊन बसले. त्या दिवसापासून ते कुणाच्या डोळ्याला डोळा देईनात. आठवड्याच्या आत आळीत कुजबुज सुरू झाली की काका हिस्सा द्यायला कबूल झाले. त्यांची पाळी रविवारी संध्याकाळी संपत होती. त्यानंतर किल्ली आमच्याकडे यायची. ती येणार नाही, टँकरवाल्याच्या माणसाच्या हातात जाणार, असं सगळे म्हणत होते.

तसं झालं असतं तर आमची वाडी संपली असती. केळी गेली असती, पानवेली गेल्या असत्या, आईची वांगी गेली असती. बाबा रात्री उठून ओट्यावर येरझारा घालायचे आणि आम्ही झोपेचं सोंग घ्यायचो.

मी बाबांना म्हटलं, "बैठक बोलवा. तिन्ही घरांनी सगळ्यांसमोर सांगायचं, हिस्सा विकणार नाही. एकटं कुणी पडलं नाही तर कुणाला घाबरवता येत नाही."

"हे कुठल्या कागदावर वाचलंस?" बाबांनी विचारलं.

तरी त्यांनी बैठक बोलावली, देवळाच्या ओट्यावर. माणसं जमत होती तोवर मोटरसायकल आली. तो माणूस उतरला आणि पायरीवर बसला. त्याच्या हातात काही नव्हतं. त्याने फक्त एकेकाकडे बघितलं, शाळेत हजेरी घेतात तसं. थोड्या वेळाने कुणाला गाईची धार काढायची आठवण झाली, कुणाला चुलीवरच्या भाताची. ओटा रिकामा झाला. मला भाषण करायचं होतं, ते मी घडी करून दप्तरात ठेवलं.

तेव्हा सर आठवले.

सर म्हणजे शेजारच्या गावातले निवृत्त इंग्रजीचे शिक्षक. ख्रिस्ती होते, दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाऊन यायचे आणि मग दिवसभर पुस्तकं. त्यांची मुलगी इंग्लंडात नर्स होती. तिने तिकीट पाठवलं म्हणून सर एक उन्हाळा तिकडे राहून आले. तिकडे काय पाहिलं, तर लंडन नाही. ज्या कवीच्या कविता त्यांनी जन्मभर फळ्यापुढे उभं राहून शिकवल्या, त्याचं खेडं ते पाहून आले. तिथे स्लाइड काढल्या, यंत्राच्या उजेडाने भिंतीवर मोठ्या करून दाखवायच्या. परत आल्यापासून ते ज्याला त्याला म्हणत, "या एकदा, दाखवतो." कुणी जात नव्हतं.

मी त्यांना जाऊन सांगितलं की आमच्या आळीला तुमच्या स्लाइड बघायच्या आहेत. का, तेही सांगितलं. चित्रं बघायला म्हणून माणसं जमतील, चित्रं संपली की तिथल्या तिथे बोलणं उरकायचं.

"म्हणजे माझा कवी तुझ्या बैठकीचा पडदा," सर म्हणाले.

"हो सर."

"चालेल. तेवढं तरी होऊ दे त्याच्या हातून. पण बाय, मला भीती वाटते हं, मी आधीच सांगून ठेवतो."

शनिवारी त्यांनी मला सगळ्या स्लाइड एकेक करून उन्हापुढे धरून दाखवल्या. कुठलं काय, ते सांगितलं. मी मनात मोठे बेत केले. एका मासिकात मी वाचलं होतं की तिकडचे लोक अशी गावं जपतात, एक वीटसुद्धा हलवू देत नाहीत. मला वाटलं, चित्रं दाखवतानाच सांगू, बघा, एकत्र राहिलं की गाव कसं वाचतं. स्लाइडमध्ये एक विहीरही होती. तिच्यावर मी डोळा ठेवला.

रविवारी दुपारी आमच्या केळी पिकवायच्या वखारीत कार्यक्रम ठेवला. त्या खोलीला खिडकी नाही. दार लावलं की भरदुपारी काळोख. सरांचं स्लाइडचं यंत्र मांडलं, त्याला घरातून वायर ओढली, भिंतीवर बाबांचं धोतर ताणून लावलं. आत पिकत्या केळ्यांचा गोड, जड वास. लोक आले, बायका जास्त. काका आले आणि सगळ्यांत मागे भिंतीला टेकून बसले. किल्ली त्यांच्या कमरेला करदोट्यात अडकवलेली होती. मावशी माझ्या शेजारी बसली.

पहिली स्लाइड उलटी लागली. झाडं वर मुळं करून उभी. सगळे हसले. सरांनी ती सरळ केली आणि धोतरावर हिरवा रस्ता उमटला, दोन्ही बाजूंना दगडी घरं, कुंपणावर फुलं.

"छपरावर गवत आहे की गो," मावशी म्हणाली.

"ते लोक मुद्दाम ठेवतात. बघायला लांबून माणसं येतात," सर म्हणाले.

"माझ्या गोठ्यावर पण आहे. गाईशिवाय कुणी येत नाही."

पुन्हा हसणं. पुढची स्लाइड आली, कवीचं घर. कुणीतरी विचारलं, कवी काय करायचा. सर म्हणाले, फिरायचा, रोज मैलोन् मैल.

"आणि शेती?"

"शेती नव्हती."

"मग बायको काय म्हणायची?" असं मावशीने विचारलं तेव्हा माझे बाबाही हसले. मला आठवतं, कारण बाबा कितीतरी दिवसांनी हसले होते. त्याच क्षणी दार उघडलं. उजेडाची मोठी फट आत पडली आणि धोतरावरचं गाव पुसट झालं.

तो माणूस होता. त्याच्याबरोबर आणखी एक.

"चालू द्या, चालू द्या," तो म्हणाला. "विलायत दाखवताय म्हणे. आम्हाला नाही का बघायची?"

त्याने स्वतःच दार ओढून घेतलं आणि दारालाच पाठ लावून खोक्यावर बसला. गाव पुन्हा उजळलं. बाहेर जायची वाट आता त्याच्या पाठीमागे होती. कुणी हललं नाही. मला फ्रॉकमधल्या मुलीसारखं आईच्या मांडीत तोंड खुपसावंसं वाटलं. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते.

सरांनी पुढची स्लाइड लावली, पण बोलले नाहीत.

"मास्तर, सांगा ना. हे काय आहे?" दाराकडून आवाज आला.

सर यंत्रावर वाकूनच राहिले. तेव्हा मी बोलू लागले. मी कधी न पाहिलेल्या गावाविषयी, आदल्या दिवशी ऐकलेलं, ऐकलं तसं. हे चर्च. या दगडाखाली कवीला पुरलं आहे. हे दुकान. या बाकावर तो बसायचा. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता, मोजूनमापून, पाठ केल्यासारखा. थांबले तर काय होईल ते माहीत नव्हतं, म्हणून थांबत नव्हते. एकजूट, हक्क, लढा हे माझे सगळे शब्द त्या काळोखात मला टाकून पळाले होते. माझ्याकडे फक्त कुंपणं आणि फुलं उरली.

"गाव छान आहे," तो माणूस म्हणाला. "विकत मिळेल का, ताई?"

त्याचा सोबती हसला. बाकी कुणी हसलं नाही.

मग ती विहीर आली. गावाच्या मधोमध, गोल दगडी कठडा, वर लाकडी छप्पर, कठड्यावर फुलांच्या कुंड्या.

"ही गावची विहीर," मी म्हणाले. "कवी इथलंच पाणी प्यायचा."

तेवढंच सांगून मी पुढे जाणार होते. पण मावशी पुढे वाकली. "तिच्या तोंडाला काय लावलंय ते?"

मला माहीत होतं. मी सरांकडे बघितलं, त्यांनी काहीही सांगावं, पण खरं सांगू नये, असं मनात म्हणत. मात्र सर शिक्षक होते. प्रश्न विचारला की त्यांना उत्तर येत होतं.

"लोखंडी जाळी आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज परत आला होता, बारीक. "आता तिचं पाणी कुणी काढत नाही. बघायला येतात ते वरून पैसे टाकतात. मनात काही इच्छा धरून."

"ऐका," दाराकडून तो माणूस म्हणाला. "तिकडच्या शहाण्या लोकांनीसुद्धा विहीर बंद केली. नळ घेतले. आणि तुम्ही एका किल्लीवर बसून राहिलात."

झालं, मला वाटलं. मी आणलेलं चित्र त्याच्या हातात गेलं. त्याच क्षणी यंत्राची वायर ओढावी असं मला वाटलं, पण मग पूर्ण काळोख झाला असता आणि त्या काळोखात तो असता.

तेव्हा मागून काकांचा आवाज आला. केळी तोडली गेल्यापासून चार माणसांत मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता.

"सर, त्या घरांत आता कोण राहतं?"

"म्हातारी माणसं. आणि शहरातले काही, सुट्टीला येणारे."

"गावातली माणसं?"

"ती गेली. घरं महाग झाली. मी राहिलो तिथली बाई म्हणाली, शेवटचं शेत विकून बरीच वर्षं झाली."

"मग भाजी?"

"लॉरीतून येते. शहरातून."

ती स्लाइड भिंतीवर तशीच राहिली, कारण सर पुढची लावायला विसरले. धोतराला एक चुणी होती, ती नेमकी विहिरीवरून गेली होती. सगळे त्या जाळीकडे बघत होते. मी काकांकडे बघितलं. त्यांचा हात कमरेशी होता.

तो माणूस उठला. दार उघडून उजेडात उभा राहिला, आता त्याचं तोंड दिसत नव्हतं.

"काका, संध्याकाळी येतो मग. ठरल्याप्रमाणे."

मोटरसायकलचा आवाज गेला, तशी माणसं उठली. बैठक झाली नाही. ती व्हायची होती हेही कुणी बोललं नाही. सरांनी स्लाइड डब्यात भरल्या आणि जाताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला खोटं सुचलं नाही, बाय." काका सगळ्यांच्या आधी निघून गेले होते.

ती संध्याकाळ मी अजून पुरती लिहू शकत नाही. बाबा ओट्यावर बसले. आई वांग्याच्या वाफ्यात गेली आणि काही न करता परत आली. माती कोरडी होती, सकाळपासून पाळीची वाट बघत होती. काकांच्या घराकडून कसलाच आवाज नव्हता. रस्त्याच्या वळणावर मोटरसायकल येऊन थांबलेली आम्ही ऐकली. नंतर तिच्यामागे जड गाडी येऊन थांबल्याचा आवाज आला. टँकर.

"आता तू आत जा," बाबा मला म्हणाले. मी गेले नाही. धैर्य होतं म्हणून नव्हे, आत एकटी बसायची छाती नव्हती.

आईने तुळशीपुढे दिवा लावला तेव्हा केळीत काहीतरी हललं. काका रस्त्याने आलेच नव्हते. ते केळीतून, तोडलेल्या ओळीवरून, पाटाच्या कडेकडेने आले होते. धोतर पोटऱ्यांपर्यंत चिखलात माखलं होतं. ते ओट्यापाशी आले. बाबा उभे राहिले. काकांनी मुठीतली किल्ली बाबांच्या तळहातावर ठेवली. मूठ इतकी आवळलेली होती की बोटं एकेक करून सुटली.

"पाणी तुमचं," काका म्हणाले.

बाबांनी मान हलवली. काका वळले, मग माझ्याकडे बघून थांबले.

"त्या जाळीखाली पाणी आहे का गो अजून?"

"सरांनी सांगितलं नाही, काका."

"विचार सरांना."

एवढं बोलून ते आले तसे केळीत शिरले. आता घरी त्यांची वाट बघणारं कोण होतं ते त्यांना माहीत होतं, आम्हालाही. बाबा दोन पावलं त्यांच्यामागे गेले. काकांनी मागे न बघता हात केला, थांब म्हणून.

किल्ली बाबांच्या हातात होती आणि तिघांपैकी कुणी हलेना. पंप चालू केला तर त्याचा आवाज वळणापर्यंत जाणार. किल्ली कुठे गेली, हे त्या माणसाला तिथेच कळणार. मी मनात म्हणत होते, आज नको. उद्या सकाळी. वांगी एक रात्र काढतील. अन्यायाविरुद्ध पानंच्या पानं लिहिणारी मी, त्या क्षणी फक्त एवढंच मागत होते की पंप चालू होऊ नये. आणि माझ्या शेजारी बाबाही तेच मागत होते, हे मला त्यांच्या श्वासावरून कळत होतं.

"पाळी आपली सुरू झाली," आई म्हणाली. तिने बाबांच्या हातातून किल्ली घेतली. "तो तिकडे एकटा गेलाय. त्याला ऐकू जायला हवं."

ती पंपाकडे चालू लागली. बाबा तिच्यामागे गेले. मी फावडं घेतलं, कारण पाटाचं तोंड फोडायला कुणीतरी हवं होतं, आणि फावड्याला धरून उभं राहता येतं.

कुलूप निघाल्याचा आवाज आला. मग पंप खोकला, आणि सुरू झाला. सगळ्या वाडीभर तो आवाज पसरला. थोड्याच वेळात मावशीने आपल्या अंगणातून हाक दिली, "आलं का गो पाणी?" तिला उत्तर माहीत होतं. तिला आपण जागी आहोत एवढं सांगायचं होतं.

"आलं," मी ओरडले. माझा आवाज फाटला.

वळणावर मोटरसायकलचा दिवा लागला. तो पहिल्यांदा काकांच्या घरावर पडला, तिथे थोडा वेळ राहिला, मग केळीच्या पानांवरून सरकत आमच्याकडे आला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. पाणी पाटातून येऊन माझ्या पावलांवर चढलं, थंड. मी फावड्याने वाफ्याची माती बाजूला केली आणि पाणी आत घेतलं. एक वाफा भरला. मी दुसरा उघडला. दिवा तिथेच होता.